दोन हिसके

ताईच्या हातातला दोर एकदा हलला. एक हिसका म्हणजे खाली सगळं ठीक. तिने एक हिसका परत दिला आणि मान न वळवता सांगितलं, "पोचली बारा मीटरवर. जाळीच्या डावीकडे आहे. खेळतेय."

"खेळतेय हे पण कळतं का गं तुला?" घड्याळकाकांनी विचारलं. ते सुपरवायझर. कोण किती वाजून किती मिनिटांनी पाण्यात गेलं, किती वाजता वर आलं, हे लिहिणं त्यांचं काम, म्हणून हे नाव.

"काम करताना दोर थांबून थांबून हलतो, काका. आत्ता नुसता थरथरतोय. म्हणजे बाईसाहेब उलट्या होऊन पाय मारतायत."

शहराला पाणी देणाऱ्या तलावात काँक्रीटचा एक गोल मनोरा होता. पाण्याखाली बारा मीटरवर त्याला एक मोठं भोक होतं, त्यातून पाणी आत घ्यायचं. भोकावर टोपलीसारखी पुढे आलेली लोखंडी जाळी, आणि ती भिंतीला धरून ठेवणारे सोळा बोल्ट. महिन्यातून एकदा झडप बंद करायची, झडपेची किल्ली काकांनी खिशात घालायची आणि एकाने खाली उतरून जाळी न् बोल्ट तपासायचे. दुसऱ्याने मचाणावर बसून त्याच्या कमरेचा दोर धरायचा. खाली हातभर अंतरावरचंही दिसत नसे, बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. सगळी भाषा दोराची. एक हिसका, ठीक आहे. दोन हिसके, दोर सोड. चार हिसके, वर ओढ.

पाच वर्षं वरचं टोक ताईच्या हातात होतं. गेली दोन वर्षं खालच्या टोकाला बेडकी होती. बेडकी म्हणजे ताईची मावसबहीण, नऊ वर्षांनी धाकटी. लहानपणी पाण्याच्या टाकीत पडली आणि काढायला गेलेल्यांना म्हणाली, "थांबा ना थोडं." तेव्हापासून घरात तिला बेडकी म्हणत. नोकरी तिला ताईनेच लावून दिली होती. दोराची भाषाही ताईनेच शिकवली होती. याचा ताईला अभिमान होता, आणि पश्चात्तापही.

दोर दोनदा हलला. ताईने हातभर सोडला. पुन्हा दोन हिसके. ताईने वीतभर सोडला.

"पुरे," ती म्हणाली, जणू खाली ऐकू जाणार होतं.

दहा मिनिटांनी बेडकी वर आली ती बोलतच. "सोळाच्या सोळा ओके, काका! आणि ऐका ना, दोरावर त्या लाल पट्ट्या आहेत ना, खाली गेलं की काळ्या होतात! कुळकुळीत!"

झडपेवरचा माणूस, बोटवाला, काका, सगळे गोळा झाले. बेडकीने मास्क कपाळावर ढकलला, केस पिळले आणि काळ्या पट्टीची गोष्ट अशी सांगितली की पाणी उकळत ठेवून आलेला बोटवाला ते विसरलाच.

त्या पट्ट्या, एक कमरेच्या गाठीशी आणि पुढे दर तीन मीटरवर, ताईने स्वतः गुंडाळल्या होत्या. "पाणी लाल रंग आधी शोषून घेतं," ती म्हणाली. "पाच-सहा मीटरपासूनच फिकट पडायला लागतो तो."

"हो का?" बोटवाला म्हणाला आणि बेडकीकडे वळला. "मग पुढे?"

ताईच्या पोटात नेहमीच्या जागी दुखलं. आपल्याला कारण माहीत, आणि हिला नुसतं दिसलं, तर लोक हिच्याकडे वळतात! ती मान खाली घालून दोराचं वेटोळं करत बसली. तिचं वेटोळं इतकं गोल यायचं की त्यावर बशी ठेवावी. त्याच्याकडे कुणी बघत नसे.

"दोर सोडताना तुझ्या जिवावर येतं हं, ताई," बेडकी टॉवेलमधून म्हणाली. "दोनदा मागितला तेव्हा कुठे वीतभर."

"वीतभर पुरला ना?"

"पुरवला."

सगळे गेल्यावर काकांनी ताईला थांबवलं. "उद्या शेवटची तारीख आहे, माहितीये ना?"

माहीत होतं. नियम दोन वर्षांपूर्वी आला होता. दोर धरणाऱ्यानेही वर्षातून एकदा खाली उतरायचं, म्हणजे हिसका खालच्या टोकाला कसा लागतो ते त्याला कळत राहतं. नियम शहाणपणाचा होता, म्हणूनच त्याविरुद्ध बोलता येत नव्हतं.

"पहिल्या वर्षी कान दुखला," काका बोटं मोजू लागले. "दुसऱ्या वर्षी सर्दी. मी दोन्ही लिहिलं, मुकाट्याने लिहिलं. आता वरून पत्र आलंय. उद्या उतरली नाहीस तर दोराचं कार्ड रद्द. तुला स्टोअरमध्ये बसावं लागेल."

"आणि बेडकीचा दोर?"

"पलीकडच्या केंद्रावरचा तो नवा येईल."

"तो? अहो, तो दोर मांडीखाली दाबून मोबाईल बघतो!"

"मग उतर," काका म्हणाले. एवढंच.

गंमत अशी की ताई मुळात डायव्हर म्हणूनच लागली होती. अकरा वेळा उतरली होती. अकराव्या वेळी आठ मीटरवर मास्कमध्ये पाणी शिरलं. शिकवल्याप्रमाणे तिने नाकाने हवा सोडून ते बाहेर काढलं, काम पुरं केलं, वर आली आणि म्हणाली, "उद्या दोर मी धरते." अपघात नाही, आरडाओरडा नाही. म्हणूनच त्या गोष्टीला शेवट नव्हता. उद्याचा परवा झाला, परवाची पाच वर्षं.

घरी आई फोन ठेवतच होती. "मावशी होती. बेडकीचं कौतुक सांगत होती तासभर. म्हणे खाली रंग बदलतात." आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मला तर बाई ऐकूनच धडकी भरते. तू आपली वर असतेस ते बरं. माझी शहाणी."

शहाणी! ताईला हा शब्द दिवसभरातल्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागला. खोलीत जाऊन तिने बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तिच्या आत पहिल्यापासून दोघी राहत होत्या. एक म्हणायची, वॉशर तपासलास का, पुन्हा तपास. दुसरी म्हणायची, चल गं, बघू तर काय आहे. पूर्वी दोघींचा आवाज तिचाच होता. अलीकडे पहिली हुबेहूब आईसारखी बोलू लागली होती. आणि दुसरी, हेच फार झोंबत होतं, दुसरी बेडकीच्या आवाजात बोलू लागली होती. "थांबा ना थोडं," असं ती आतून म्हणायची आणि ताईला वाटायचं, ही माझी होती. माझ्या घरातली वस्तू उचलून हिने स्वतःच्या अंगावर घातली, आणि वर सगळे हिलाच म्हणतायत, तुला किती शोभते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मचाणावर उलटं चित्र होतं. दोर बेडकीच्या हातात, आणि सिलिंडर ताईच्या पाठीवर.

"हवेचा दाब दोनशे. झडप बंद. किल्ली माझ्याकडे," काकांनी खिसा वाजवून दाखवला. "सोळाही बोल्ट बघून ये. नुसतं बुचकळून आलीस तर मी लिहिणार नाही."

बेडकीने दोराची गाठ तपासली. मग पुन्हा तपासली. मग तिसऱ्यांदा.

"आता सोडतेस का माझी कंबर?" ताई म्हणाली.

"एक मिनिट गं."

पाणी कानांवर आलं आणि जगाचा आवाज बंद झाला. उरला फक्त स्वतःचा श्वास, घोरणाऱ्या माणसासारखा. नाक दाबून कान मोकळे करायचे, एक मीटर उतरायचं, पुन्हा मोकळे करायचे. तीन मीटर. सहा. आठ मीटरच्या आसपास मास्कच्या कडेला गार लागलं. पाणी होतं की नुसतं वाटलं? तिने हातांना काहीतरी काम दिलं आणि ती स्थिर लटकून राहिली.

तेवढ्यात कुणीतरी बखोट धरावं तशी ती वर ओढली गेली. वर, वर, थेट उजेडात.

"काय झालं? काय झालं?" बेडकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चार हिसके दिलेस! चार!"

"मी? मी एकही दिला नाही."

काकांनी पाण्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ताईच्या डाव्या हातात दोराचं वेटोळं होतं. गोल, नीटस, बशी ठेवावी असं. खाली घाबरल्यावर तिच्या हातांनी पाच वर्षांची सवय केली होती. दोर सैल पडू द्यायचा नाही, हात-हात ओढून गोळा करायचा. एक, दोन, तीन, चार. वर बेडकीला ते चार हिसके लागले होते.

"खाली जाऊनही दोर हीच धरून बसली!" बोटवाला पोट धरून हसला. काकाही हसले. ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एकटी बेडकी हसत नव्हती.

"दोर माझ्याकडे दे," ती म्हणाली. "दोन्ही टोकं तूच धरलीस तर मी काय करू इथे?"

ताईने वेटोळं पाण्यात सोडून दिलं, दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यात खोचले आणि पुन्हा बुडी मारली.

या खेपेला आठ मीटरवर गार लागलं तेव्हा तिने नाकाने हवा सोडली. मास्कमध्ये पाणी असलं तर गेलं, नसलं तर नसलं. नऊ मीटर गेले. बारा मीटरवर तिने गाठीजवळची लाल पट्टी मुद्दाम डोळ्यांजवळ धरली.

काळी नव्हती. दाट तपकिरी होती, कडेला हिरवट. "कुळकुळीत म्हणे!" ताई मनात म्हणाली आणि तिला अगदी नको इतका आनंद झाला. पण मग ती पट्टी बघतच राहिली. आपण गुंडाळलेली, पाच वर्षं हातातून जाणारी पट्टी, आणि ओळख देत नव्हती. हे कारण माहीत असूनही अजबच होतं.

ती जाळीकडे वळली. बोल्ट काकांनी घड्याळासारखे मोजले होते. सगळ्यात वरचा एक, मग उजवीकडून खाली. एक, घट्ट. दोन, घट्ट. प्रत्येक नट चिमटीत धरून फिरवून बघायचा. सातपर्यंत सरळ काम. आठपाशी दोर ताणला गेला. तो वरून येत होता आणि जाळीच्या पुढे आलेल्या कडेला अडत होता. नऊ नंबर अगदी तळाला, जाळीच्या पोटाखाली. ताईने हात लांबवला. बोटाचं टोक नटला लागलं.

लागलं म्हणजे आहे. ओके धरून वर जाता आलं असतं.

हात लागला म्हणजे तपासला असं नाही, आतली पहिली म्हणाली.

खालून जा की मग, दुसरी म्हणाली.

ताई थबकली. दोघी एकाच बोल्टकडे बोट दाखवत होत्या. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. आणि दोघींचाही आवाज तिचा स्वतःचा होता.

तिने दोन हिसके दिले. दोर हातभर आला. पुन्हा दोन. वीतभर.

वीत! खालून ती वीत केवढीशी होती. समोर दिसणारी गोष्ट कुणीतरी मूठ आवळून आपल्याला देत नाही, तशी. ताईने दोर धरला आणि खांद्यातून जोर लावून दोन हिसके दिले.

वर क्षणभर काहीच झालं नाही. मग दोर सुटला. एक मीटर, दोन, तीन. त्याची सैल वळणं तिच्या खांद्याशी येऊन तरंगू लागली. ताई पाठीवर वळली आणि जाळीच्या पोटाखाली शिरली. काळोख होता. नऊ नंबरचा नट तिने चिमटीत धरला.

तो फिरला. नुसत्या बोटांनी, दीड वेढा.

"सापडलीस!" हे पहिलं मनात आलं. दोन वर्षं रजिस्टरमध्ये बेडकीच्या सहीने "सोळाही ओके" लिहिलेलं होतं. आता बघू कोण गोळा होतं तुझ्याभोवती! त्या काळोखात, दोन्ही हात गुंतलेले असताना, ताईला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. इथे यायला तीन मीटर दोर लागतो. बेडकीने दर महिन्याला दोन हिसके दिले होते. दर महिन्याला ताईने हातभर सोडला होता, मग वीतभर, आणि म्हणाली होती, पुरे. काळजीने, असं ती सगळ्यांना सांगायची. त्यात काळजी किती होती आणि किती दुसरंच काही, हे मोजायचं साधन तिच्याकडे नव्हतं. पण दुसरं काही होतं हे खरं.

तिने नट बोटांनी जमेल तितका आवळला, उरलेले सातही बोल्ट फिरवून पाहिले आणि एक हिसका दिला. ठीक आहे. वरून उत्तर इतक्या घाईने आलं की तिला हसू आलं.

"किती वेळ!" तिने डोकं वर काढताच बेडकी ओरडली. "तीन मीटर सोडून बसलेय मी इथे, जीव टांगणीला! कुठे गेली होतीस मेले?"

"नऊ नंबर सैल आहे," ताई काकांना म्हणाली. "दीड वेढा."

काकांनी रजिस्टर उघडलं. मागचं पान, त्यामागचं पान. त्यांनी बेडकीकडे पाहिलं. बेडकीचा चेहरा उतरला.

"हात लागायचा त्याला," ती हळूच म्हणाली. "फिरवून नाही बघितला कधी. पोचतच नव्हतं."

याच क्षणाची ताईने दोन वर्षं वाट पाहिली होती. तिने मास्क काढला.

"तिने ओके लिहायला नको होतं, ते चुकलंच तिचं," ती म्हणाली. "पण काका, दर वेळी ती दोर मागत होती. मी सोडत नव्हते. हेही लिहा. माझ्या नावाने."

काकांनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं आणि बराच वेळ लिहीत बसले. मग त्यांनी ताईचं कार्ड काढलं, तारीख घातली, सही केली. "तासभर विश्रांती. मग पाना घेऊन कुणीतरी उतरायचं. नट आवळून यायचा."

"मी जाते," बेडकी म्हणाली.

"मी जाते," ताईही त्याच क्षणी म्हणाली.

"अगं, कालपर्यंत तुझे कान दुखत होते!"

"सर्दी होती. कान त्याच्या आदल्या वर्षी."

"ताई, माझा बोल्ट आहे तो!"

"बोल्ट सापडला मला. आणि हो, पट्टी काळी होत नाही. तपकिरी होते."

"काळी होते!"

"तपकिरी. कडेला हिरवट."

बेडकीने तोंड फुगवलं. तिच्या डोळ्यांत ताईला काहीतरी ओळखीचं दिसलं, रोज आरशात दिसायचं ते. ताईला ते बघून बरं वाटलं, हे तिने मनाशी कबूल केलं. मग तिने पाना उचलला, वजन बघितलं आणि बेडकीच्या हातात ठेवला.

"तू जा. वर आल्यावर रंग नीट सांग," ती म्हणाली आणि मचाणावर आपल्या जागी जाऊन बसली. "पुढच्या महिन्यात मी."

तासाभराने दोर खाली सरकू लागला. तीन मीटरची पट्टी गेली, सहाची, नऊची, बाराची. एक हिसका. ताईने एक हिसका परत दिला. मग दोन.

तिची मूठ आधी आवळलीच. सवयच ती. पोटात नेहमीच्या जागी जरासं दुखलंही. मग तिने बोटं उघडली आणि तीन मीटर दोर मोजून पाण्यात सोडला.