लिंबूचा दुसरा ब्रेक

आजीने आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली आणि शिकवता शिकवता अख्ख्या गावाला एक खोड लावून ठेवली. तिच्या हाताखालून गेलेला माणूस गाडी चालवताना समोर जे दिसेल ते मोठ्याने बोलतो. "कुत्रं. सायकलवाला. सायकलवाला फोनवर." दातांचे डॉक्टर बोलतात, बँकेच्या साहेबीणबाई बोलतात. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि त्याची बायको, दोघंही आजीचेच चेले. ते एका गाडीत बसले की रस्त्यावरच्या माणसाला वाटतं, यांचं आज काही खरं नाही.

"बोललात म्हणजे बघितलंत," आजी म्हणायची. "नुसतं बघितलं म्हणणाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

तिचा दुसरा नियम चौकाचा होता. समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तेही तोंड वाकडं न करता, हसून हात दाखवून.

आजी गेली आणि तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी चौकातला हॉल घेऊन आठवणींची सभा ठरवली. सभेच्या सकाळी आजोबांनी जाहीर केलं, "मी लिंबूतूनच जाणार."

लिंबू म्हणजे आजीची शिकवणीची पिवळी गाडी. तिला दोन ब्रेक. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या आजीच्या पायाशी. आजोबा स्वतः कधी गाडी शिकले नाहीत. घरात एकाने तरी या बाईचं ऐकायचं नाही, असं त्यांनी लग्नानंतर लगेच ठरवलं होतं आणि तेवढं एक नेटाने पाळलं.

"लिंबू चालवणार कोण?" काकाने विचारलं. "मी माझी गाडी काढलीय. आणि लिंबू बघायला उद्या गिऱ्हाईक येतंय, तिला ओरखडा नको."

"तू लिंबू विकणार?" नात हातातला कंगवा तसाच धरून बाहेर आली.

"मग काय पुजू? धूळ खातेय नुसती. तू चालवून दाखव हॉलपर्यंत. दाखवलीस तर गाडी तुझी, गिऱ्हाईकाला मी परत पाठवतो."

काका गालातल्या गालात हसला, कारण सगळ्या घराला ठाऊक होतं. नातीकडे लायसन्स होतं, पण आजी शेजारी नसताना तिने गाडीची किल्लीही फिरवली नव्हती. आजी तिला लाडाने गोगलगाय म्हणायची. नातीचा हिशोब सरळ होता. गाडी मी चालवते, थांबवते आजी. अडचणीची जागा आली की शेजारी आजीचा पाय धाडकन आपटायचा आणि लिंबू गपकन थांबायची. आता तो पाय नव्हता. उतारावरून चौकात जायचं नुसतं मनात आलं तरी ती चालत निघायची. पण उद्या कुणीतरी परका माणूस लिंबूत बसून निघून जाणार, हे त्याहून सहन होईना.

"किल्ली दे," ती काकाला म्हणाली.

आजोबा आजीच्या जागेवर बसले. मांडीवर आजीचा फोटो, तोही तोंड भरून हसणारा. लिंबूने दोन आचके दिले, एकदा शिंकली आणि निघाली. मागून काकाची गाडी.

"फाटक," नात म्हणाली. "दूधवाला. मांजर."

"मांजर गेलं," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुम्ही नका बोलू."

"का? आयुष्यभर ऐकलंय मी. खांब! खांब आला!"

"खांब कुठे येतोय आजोबा, आपण जातोय!"

आजोबांना हसू फुटलं, त्याने नातीलाही फुटलं, आणि त्या हसण्याच्या नादात अर्धा रस्ता कसा सरला ते कळलंच नाही.

मग उतार लागला, आणि खाली चौक दिसला.

चारही बाजूंनी आजीचे विद्यार्थी सभेला आले होते आणि चारही बाजूंना रांगा लागल्या होत्या. हॉर्न एकाचाही नाही. डॉक्टर साहेबीणबाईंना हसून हात दाखवत होते, साहेबीणबाई बेकरीवाल्याला, बेकरीवाला समोरच्या टेम्पोला आणि टेम्पो परत डॉक्टरांना. "तुम्ही आधी." "छे छे, तुम्ही." आजीच्या आठवणीत आज कुणीच पुढे जायला तयार नव्हतं. मधोमध लिंबूचा जुना मेकॅनिक उभा राहून घसा फोडत होता आणि सगळे त्यालाही हसून हात दाखवत होते.

लिंबू उतारावरून डॉक्टरांच्या कोऱ्या गाडीच्या दिशेने निघाली. आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फोटो छातीशी धरला आणि आजीचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबला. धाड! धाड! धाड!

"लागत नाही! अगं लागत नाही हा!"

"डॉक्टर!" नात ओरडली. "डॉक्टरांची नवी गाडी! गाडीचा नवा बंपर!"

लिंबू थांबली. बंपर आणि लिंबू यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती. आजोबा अजून पाय आपटत होते.

मेकॅनिक धावत आला आणि खिडकीतून ते बघून त्याला हसू आवरेना. "आजोबा, तो ब्रेक नाहीच लागायचा. आजींनी गाडीची शिकवणी बंद केली तेव्हाच त्याची तार काढलीय मी."

"तेव्हाच?" नातीला पटेना. "मला तर तिने त्यानंतर शिकवलं! धाडधाड ब्रेक मारायची ती!"

"मारणारच की. म्हणून तर तार काढायला लावली. मला म्हणाल्या, परक्यांच्या पोरांना शिकवताना माझा पाय ऐकतो, हिच्या बाबतीत नाही ऐकणार. ही जरा अडखळली की मी दाबणार आणि पोरगी जन्मात शिकणार नाही. पेडल तेवढं राहू दे, नाहीतर माझा जीव जाईल."

तो उतार, ती वळणं, परीक्षेचा दिवस, प्रत्येक वेळी लिंबू तिनेच थांबवली होती, आणि शेजारी आजी जीव मुठीत धरून रिकामं पेडल तुडवत होती. तिला आजीचा इतका राग आला आणि इतकं प्रेम दाटून आलं की ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून खदाखदा हसत सुटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने वाहू दिलं.

काकाने मागून मान बाहेर काढली. "काय झालं? ठोकलीस?"

"गिऱ्हाईकाला परत पाठव!" ती ओरडली. "आणि सगळ्यांना सांग, आज गोगलगाय आधी जाणार!"

लिंबू डॉक्टरांच्या बाजूने वळसा घेऊन चौकात शिरली. तिच्यामागे डॉक्टर हलले, मग टेम्पो, मग सगळीच रांग. उघड्या खिडक्यांतून एकच कालवा उठला होता. "लिंबू. लिंबूत आजोबा. आजोबांचे पाय वर!"

आजोबांनी खरंच पाय वर घेतले होते आणि फोटो काचेसमोर धरला होता.

"अहो आजोबा, मला पुढचं दिसत नाहीये!"

"जे दिसतंय ते बोल!"

"आजी," नात मोठ्याने म्हणाली.