साहेबांच्या सहीचा शेवटचा कागद

साहेब गेले, पण त्यांची सही मागे राहिली.

टंकलेखकाच्या टेबलाच्या डाव्या खणात, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेला एक कागद होता. वर साहेबांचं छापील नाव, त्याखाली 'विधानसभा सदस्य' अशी ओळ, आणि तळाला उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईची सही. मधली सगळी जागा मोकळी, नुकत्याच झाडलेल्या अंगणासारखी.

साहेब दौऱ्यावर निघाले की अशा दहा-बारा कोऱ्या कागदांवर सह्या करून जात. "वेळेला असू द्यात," म्हणत. "कुणी रडत दारात आलं तर माझ्यासाठी ताटकळत ठेवू नका." शेवटच्या दौऱ्याला निघतानाही त्यांनी सह्या केल्या, चष्मा पुसला, गाडीत बसले. एक सोडून बाकीचे कागद त्या दौऱ्याच्या दिवसांतच खर्ची पडले. साहेब परत आले ते फुलांखाली.

तेव्हापासून कार्यालयाच्या दारावर एक नोटीस होती: जागा रिक्त, पोटनिवडणूक होईपर्यंत शिफारसपत्रं मिळणार नाहीत. ती टंकलेखकानंच टाइप केली होती. एकोणीस वर्षं तो त्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांची दुखणी कागदावर उतरवत आला होता. लोक त्याला 'टकटक' म्हणत. त्याच्या बोटांना सगळ्यांची गाऱ्हाणी पाठ होती.

साहेबांना जाऊन तीन आठवडे होतात न होतात तोच त्याच्या ताईच्या हृदयाची झडप निकामी झाल्याचं कळलं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा, ती सतराची. शिवणयंत्र चालवून तिनं याला वाढवलं, टायपिंगच्या वर्गाला घातलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "याचं शर्टाचं माप रोज वाढतंय, मला वेळ कुठाय?" आता भावाचे केस पांढरे झाले तरी ती त्याला 'सोन्या' म्हणे. पायाखाली शिवणयंत्राचा पायटा चालू असला की तिच्या तोंडात काहीतरी जुळवलेलं गाणं असायचंच:

*भाऊ माझा लिहितो गं, साऱ्या जगाचं गाऱ्हाणं*
*त्याच्या दहाही बोटांना, नाही स्वतःचं मागणं.*

"नुसतं माझंच काय गातेस?" तो चिडायचा.

"मग कुणाचं गाऊ? माझ्या वाट्याला तू एकच गाणं आलास, तेही बेसूर."

मोठ्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. झडप बदलायला हवी. नेहमीच्या रांगेत नंबर लागायला दोन वर्षं. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराचं पत्र असेल तर राखीव खाटेवर महिन्याभरात. पत्र नव्वद दिवसांच्या आतलं हवं.

"आणि अशीच ठेवली तर?" त्यानं विचारलं.

बाईंनी ताईकडे पाहिलं नाही. "आठ महिने जातील. कदाचित थोडे कमीच."

घोडं नेमकं तिथेच अडलं. शेजारच्या मतदारसंघाच्या कार्यालयातही तो जाऊन आला. तिथला टंकलेखक त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच झिजलेला. "पाणी देऊ का?" म्हणाला. पाणी दिलं. मग म्हणाला, "तुमच्या मतदारसंघाचं नाव आमच्या पत्रावर चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का? तुम्हीच कितीतरी लोकांना सांगितलं असेल." खरंच सांगितलं होतं.

मग उरला तो खणातला कागद. साहेब जाण्याच्या आदल्या दिवसाची तारीख टाकली की झालं. त्या तारखेपासून नव्वद दिवस तो कागद जिवंत होता. त्यानंतर त्याची रद्दी होणार होती. त्यानं तो घरी आणून ताईपुढे ठेवला.

ताईनं चष्मा वर सरकवला. "हे काय?"

"तुझी झडप."

तिनं कागद उजेडात धरला, सहीवरून बोट फिरवलं, परत दिला. "गेलेल्या माणसाच्या हातून मी घेणार नाही. त्यानं मला पाहिलं नाही, माझं दुखणं ऐकलं नाही. तू परस्पर त्याच्या तोंडी शब्द घालणार."

"एकोणीस वर्षं तेच करतोय मी!"

"तेव्हा तो परत येऊन विचारायचा ना, कुणाला काय दिलं म्हणून? आता कोण विचारणार तुला?" मग आवाज मऊ करून म्हणाली, "सोन्या, मतदानाची तारीख लागलीये ना? पुढच्या महिन्याच्या आठला. नवा माणूस येईल, त्याच्यासमोर मी उभी राहीन. नाहीतर बसेन. त्याला म्हणेन, बाबा रे, कर सही. तेवढा दम आहे माझ्यात."

तारीख खरंच लागली होती. राज्यात तीन जागा रिकाम्या होत्या आणि तिन्हींची मतदानं एकाच दिवशी. भिंतींवर हसरे चेहरे चिकटू लागले होते. टंकलेखकानं हिशेब मांडला, डॉक्टरीणबाईंचे महिने त्यापुढे धरले. जमत होतं. अंगावर येत होतं, पण जमत होतं. तरी त्यानं कागद पुन्हा पुठ्ठ्यात घातला. आशा आशेच्या जागी, कागद कागदाच्या जागी.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची बायको आली. नोटीस तिला वाचता येत नव्हती, म्हणून ती सरळ आत आली. नवऱ्याच्या छातीतलीच काहीतरी गोष्ट. "रात्री आडवं होता येत नाही त्यांना, बसूनच झोपतात. इस्पितळात म्हणाले, टकटकसाहेबांकडे जा."

"जागा रिकामी आहे, बाई. नवा आमदार आला की या."

"कधी येतो?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे." ती पुटपुटली आणि तिथेच फरशीवर बसली. रडली नाही, भांडली नाही. तिचं ते नुसतं बसणं त्याला सहन झालं नाही. घरी जेवायला आला तेव्हा ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसला.

ताईनं दोन प्रश्नांत सगळं काढून घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं याला कधी जमलंच नव्हतं.

"दे तिला," ताई म्हणाली.

"ताई, तो एकच आहे."

"म्हणूनच. मला तो नकोय, आणि सहा दिवसांनी कुणाच्याच कामाचा राहणार नाही. खणात कुजवण्यापेक्षा एखाद्याला आडवं झोपू दे."

"आणि गेलेल्याच्या हातून घ्यायचं नाही, ते?"

"ते माझ्यापुरतं रे. बुडत्याला का नियम सांगायचे असतात?" ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली. "जा. जाताना डबा विसरू नकोस."

त्यानं जाऊन टाइप केलं. मोकळं अंगण ओळींनी भरलं. छत्रीवाल्याच्या बायकोनं कागद पदरात असा धरला, जणू तो भाजतोय.

त्याच दिवशी संध्याकाळी, तो कार्यालय बंद करत असताना, रेडिओवर बातमी लागली. मागच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा दावा न्यायालयात अजून चालू होता. त्याचा निकाल लागेपर्यंत या एका जागेची पोटनिवडणूक पुढे ढकलली होती. बाकीच्या दोन जागांची मतदानं ठरल्याप्रमाणे होतील.

टंकलेखकानं रेडिओ बंद केला, पुन्हा लावला. तोवर हवामान सुरू झालं होतं.

सहा दिवस उरले होते. त्यानं साहेबांची सही गिरवायला घेतली. आकडेबाज सुरुवात, मग एक उतार, मग शेपूट. एकोणीस वर्षं बघितलेली सही, आणि हाताला येईना. येत होता तो घाबरलेला एक किडा. इस्पितळात सही नमुन्याशी ताडून बघत, हे त्याला ठाऊक होतं. तो पानामागून पानं भरत राहिला. तिसऱ्या दिवशी घरी आला तर ताई त्याच कागदांवर कात्री चालवत होती. त्या खोट्या सह्यांतून तिनं गळपट्टीचं माप कापलं होतं.

"पिशवीत सापडले," ती वर न बघता म्हणाली. "कागद जाड आहे. कॉलरला बरा." आणि थोड्या वेळानं, "तुला टायपिंग मी याच्यासाठी शिकवलं नव्हतं."

"मग कशासाठी? तू माझ्यासमोर मरावीस आणि मी शुद्धलेखन तपासत बसावं म्हणून?"

कात्री थांबली. असं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ताईनं त्याला जवळ बोलावलं, त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण पाहिलं, सुई ओवली आणि अंगावरच टाके घालायला लागली. तिचे ओठ निळसर झाले होते. नव्वदाव्या दिवसापर्यंतचे उरलेले दिवसही असेच टाक्याटाक्यानं गेले.

निकाल लागायला पुढे साडेतीन महिने लागले. मग पुन्हा तारीख, पुन्हा भिंतींवर चेहरे. शिवणयंत्र आता झाकलेलं असे. ताई खिडकीशी बसून जुळवायची, पण दुसऱ्या ओळीला दम पुरायचा नाही. पहिलीच ओळ म्हणून ती थांबे, आणि टंकलेखक दुसरीची वाट बघत राही.

मतदानाच्या दिवशी ती हट्टाला पेटली. "मी जाणार."

"पाय बघ किती सुजलेत."

"माझ्या पत्रावर सही कोण करणार हे मी ठरवायचं नाही तर कोणी?"

शाळेच्या पायऱ्या सात. त्यानं तिला घरातल्या खुर्चीत बसवून रिक्षातून आणलं खरं, पण पायऱ्यांशी आल्यावर एकट्याला खुर्ची उचलेना. तेवढ्यात रांगेतून एक गडी धावत आला. रुंद खांदे, तरतरीत चेहरा, बगलेत दोन छत्र्या.

"ताई! ओळखलंत का? तुमच्या भावानं पत्र दिलं होतं. ही म्हणाली, ताईंनीच सांगितलं होतं म्हणे. आता बघा, झोपतो तर असा घोरतो की शेजारी भांडायला येतात!"

त्यानं खुर्ची एका बाजूनं उचलली, दुसऱ्या बाजूनं टंकलेखकानं. सातही पायऱ्या चढताना छत्रीवाल्याला धाप लागली नाही. टंकलेखकाला ते ऐकू येत होतं, त्याचा तो निरोगी, सलग श्वास. त्या क्षणी त्याला वाटलं, खुर्ची सोडून द्यावी आणि या माणसाच्या छातीवर बुक्क्या माराव्यात, आतलं परत मागावं. त्याला स्वतःची शिसारी आली. तरी वाटायचं थांबलं नाही.

ताई मात्र छत्रीवाल्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "बरं झालं हो. फुकट नाही गेलं."

मत देऊन आल्यावर त्यानं विचारलं, "कुणाला दिलंस?"

"ज्याचं नाव लहान होतं त्याला. सही लवकर होईल."

ते तिचं शेवटचं हसवणं.

तिसऱ्या दिवशी मोजणी झाली, एक जण निवडून आला. टंकलेखक त्याच दुपारी पत्र टाइप करून त्याच्या घरी गेला. गर्दीतून वाट काढत पोचला. नव्या आमदाराच्या माणसानं कागद बघितला, खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्हीच जुने. शपथ झाल्याशिवाय सही चालत नाही, तुम्हाला का ठाऊक नाही? बुधवारी शपथ आहे."

ठाऊक होतं. तरी तो गेला होता.

ताई सोमवारी गेली. दुपारी, खिडकीशी, एक ओळ म्हणून. *भाऊ माझा लिहितो गं,* एवढंच. तो पुढच्या शब्दाची वाट बघत थांबला. बराच वेळ थांबला.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाचं काम पुन्हा सुरू झालं. नोटीस काढली, नवी पाटी लागली. नवे साहेब आले. तरुण, घाईतले, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची फिरवून बघितली, छापून आलेल्या नव्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकामागून एक कोऱ्या कागदांवर सह्या करत सुटले.

"वेळेला असू द्यात तुमच्याकडे," ते म्हणाले. मग पेनाला टोपण लावता लावता थांबले. "मला सांगितलं लोकांनी, तुम्ही किती वर्षं इथे आहात ते. तुमचं स्वतःचं काही काम असेल तर सांगा. पहिलं पत्र तुमचं."

टंकलेखकानं कागदांवरची शाई वाळली का ते बघितलं. सही छोटी होती. खरंच, लवकर होत होती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "माझं काही नाही."

बाहेर रांग दारापर्यंत आली होती. त्यानं पहिला कागद यंत्रात चढवला, आजची तारीख टाकली आणि मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"