घंटा काढलेलं गाणं

आनिवाच्या गाण्यामुळे आमचं वायताफे गाव किलिकिटीचा, म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रिकेटचा, सामना हरलं. खरी गोष्ट एवढीच आहे. देवाचा अपमान, गावाची अब्रू, पूर्वजांची रीत हे सगळं त्याला नंतर चिकटवलं गेलं. गावच्या प्रमुखांच्या सभेत हे कुणी बोललं नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

मी पाद्रीबाबांच्या शाळेत मुलांना शिकवते. आज सभेत खांबाला टेकून बसणाऱ्या बहुतेक प्रमुखांची नाकं मी त्यांच्या लहानपणी पुसलेली आहेत. आनिवाचंही पुसलं. ऑक्टोबरात मुलांचा रविवार असतो. त्या दिवशी प्रत्येक मूल पांढरे कपडे घालून चर्चमध्ये एक वचन पाठ म्हणतं. सहा वर्षांच्या आनिवाने आपलं वचन नीट म्हटलं आणि न थांबता पुढे स्वतःच्या ओळी जोडल्या, व्यासपीठाखाली अंडी घालणाऱ्या कोंबडीवर. आत्याने तिला दंडाला धरून खाली बसवलं. सगळे हसले. मी हसले नाही. मूल चुकून बोलतं आणि मूल ठरवून बोलतं, यातला फरक मला कळतो. ही ठरवून बोलली होती.

मोठी झाल्यावर ती राजधानीत, अपिआला जाऊन ध्वनिमुद्रण शिकली आणि गावात परत आली. ती रॅप करते. पण तिच्या गाण्यात ढोल नसतो. नारळ खवण्याचा आवाज असतो, चटई झटकण्याचा असतो, डुकराने दोर ओढल्यावर खुंटा करकरतो तो असतो. रेडिओवाले तिला ‘प्रयोगशील’ म्हणतात. शेजारीण तुमच्या मुलाला ‘जरा वेगळाच आहे हो’ म्हणते ना, त्याच सुरात.

चर्चजवळच्या फणसाच्या झाडाला गॅसचा रिकामा सिलिंडर टांगलेला आहे. तीच आमची घंटा. संध्याकाळी फेरेती लोखंडी सळईने ती वाजवतो. पहिल्यांदा वाजली की घरी जायचं, रस्त्यात असाल तर आहात तिथे खाली बसायचं. दुसऱ्यांदा वाजली की प्रार्थना सुरू, तिसऱ्यांदा संपली. फेरेतीचा उजवा खांदा गेलेला आहे. चार-पाच ठोके झाले की तो हात बदलतो आणि तालात मध्येच एक खड्डा पडतो.

आनिवाने ती घंटा जशीच्या तशी गाण्यात घेतली. मला ऐकवायला आली तेव्हा मी कोको ढवळत होते.

“ताल मध्येच लंगडतो गं,” मी म्हटलं.

“तो फेरेतीकाकांचा आहे. ते हात बदलतात तिथे मी श्वास घेते.”

“सरळ ढोल लाव की. रेडिओवाले तेच सांगतात ना?”

“ढोल सगळ्यांकडे आहे, बाई. फेरेतीकाकांचा खांदा कुणाकडे आहे?”

मी तिला कप दिला. ती तो हातात धरून बसली.

“लहानपणी घंटा झाली की डोळे मिटून गप्प बसायचं,” ती म्हणाली. “आणि माझ्या डोक्यात नेमके तेव्हाच शब्द यायचे. दिवसभर मोकळी असायचे, तेव्हा एक यायचा नाही. तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर मार खाल्ला असता. आता सांगतेय, एवढंच.”

गाण्यात ती म्हणते:

बसले आहे, बसले आहे,
पाय झोपला, मी जागी आहे.
डोळे मिट म्हटलंत, मिटले,
आतले कुणी मिटायचे?

मला गाणं आवडलं असं म्हणणार नाही. पण गावातल्या दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं, हे मला तिथल्या तिथे कळलं.

मग तो सामना आला. डोंगरापलीकडच्या सालोआ गावाचा संघ आमच्या मैदानावर खेळायला आला होता. आमच्या सभेचे मुख्य वक्ते मातागिलुआ. त्यांचा मुलगा इओसेफा फलंदाजी करत होता. आमच्या या शेवटच्या जोडीला जिंकायला दोन धावा हव्या होत्या. इओसेफाने चेंडू लांब मारला, दोघे पळाले, आणि तेवढ्यात सामुएलुची बस वळणावरून आली. सामुएलु आनिवाचा मामेभाऊ. त्याने अभिमानाने तिचं गाणं कर्ण्यावर पूर्ण मोठं करून लावलेलं.

घंटा वाजली.

इओसेफा खेळपट्टीच्या मधोमध खाली बसला. दुसरा फलंदाजही बसला. आमचे सगळे प्रेक्षक बसले. मातागिलुआंनी मान खाली घातली. सालोआत घंटा नाही, तिथे शंख फुंकतात. त्यांना वाटलं आमच्याकडे काही नवीनच पद्धत आहे. त्यांचा एक पोरगा चेंडू घेऊन शांतपणे चालत आला आणि त्याने यष्ट्या पाडल्या.

सूर्य कुठे होता म्हणाल, तर नारळाच्या शेंड्यांच्याही बराच वर. माझ्या पहिलीतल्या मुलाने वर बघितलं असतं. या मोठ्या माणसांपैकी एकानेही बघितलं नाही.

दोन दिवसांनी सभा भरली. सभाघराला भिंती नाहीत, त्यामुळे आम्ही बायका बाहेर दगडांवर बसून सगळं ऐकत होतो. आनिवा वडिलांच्या मागे मांडी घालून बसली होती. तिचे वडील ताविता सभेतले सर्वांत धाकटे प्रमुख. बोलायला कमी.

मातागिलुआंनी देवापासून सुरुवात केली. मग पूर्वजांवर आले. घंटा पवित्र आहे, या मुलीने तिची थट्टा केली, उद्या कुणी प्रार्थनेला बसणार नाही. सामन्याबद्दल एक शब्द नाही.

माझ्याने राहवेना. “मातागिलुआ, बस आली तेव्हा ऊन कुठे होतं?”

“बाई, बाहेरून बोलायचं नसतं.”

“मी बोलत नाहीये. विचारतेय.”

“उन्हाचा इथे काय संबंध?”

“मग तुम्ही बसलात कशाला?”

माझ्या शेजारच्या बायका कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या टोकात तोंड लपवून खुसखुसल्या. आत कुणी हसलं नाही. सगळ्यांचीच पंचाईत होती. सगळेच बसले होते.

निर्णय झाला. घंटा गावाची आहे, ती गाण्यातून काढायची. शिवाय आनिवाने गावासाठी एक चांगलं गाणं करायचं, गिटारवर, समुद्र, वाळू, प्रमुखांची नावं, रेडिओवर लागतं तसं. नाही केलं तर ताविताने सभेतली जागा सोडायची.

माझ्या वर्गात एखाद्या पोराने दुसऱ्याच्या चित्रावर आपला रंग फासला तर मी त्याला कोपऱ्यात उभं करते. इथे पांढऱ्या केसांची माणसं तेच करत होती, वर त्याला शिस्त म्हणत होती.

ताविता उठायला लागला. “जागा ठेवा तुमच्याकडे,” तो म्हणाला. “पोरीच्या गाण्याला हात लावायचा नाही.”

“बाबा, बसा,” आनिवा म्हणाली. तिने त्याचा सदरा मागून धरला होता. “घंटा काढते मी. दुसरं गाणं करणार नाही.”

“एवढं सोपं गाणं येत नाही?” मातागिलुआ म्हणाले.

“सोपं आहे, मग कुणीही करेल. तुमचा इओसेफा वाजवतो की गिटार. बाद झाल्यापासून त्याला वेळही आहे.”

आता मात्र आतले दोघेतिघे खोकायला लागले. मातागिलुआंनी हात वर केला. घंटा निघते आहे ना, मग पुरे, असं म्हणून सभा उठली. ताविताची जागा राहिली.

वाटेत मी आनिवाशी धड बोलले नाही. मला तिचाही राग आला होता. शेवटी म्हणालेच, “एवढ्यात मान तुकवलीस?”

“घंटा गावाची आहे, बाई. त्यांची त्यांना परत देतेय.”

“आणि बाबांनी जागा सोडली असती तर?”

“ते मला जन्मभर ऐकू आलं असतं. गाण्यात तेवढाच आवाज राहिला असता.”

पुढच्या आठवड्यात मी दुकानासमोर बसची वाट पाहत होते. मातागिलुआही होते, शहरात कामाला निघालेले. सामुएलुची बस आली. कर्ण्यावर तेच गाणं. घंटा नव्हती. पण घंटेच्या जागी तिने काही भरलंही नव्हतं. जिथे ठोका पडायचा तिथे एक ठोका भरेल एवढी शांतता. मग पुन्हा. मग पुन्हा. मग फेरेती हात बदलायचा ती जागा, आणि तिथे फक्त तिचा श्वास.

तारोच्या कंदांच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांचे हात थांबले. दुकानदाराने सुटे देता देता मान वर केली. कुणी बसलं नाही. पण ती घंटा तिथल्या एकूण एक माणसाला ऐकू आली, हे मी शपथेवर सांगते. मातागिलुआंचा एक पाय बसच्या पायरीवर होता, दुसरा खाली तसाच राहिला.

शब्द सुरू झाले तसे ते भानावर आले आणि माझ्याकडे वळून हसले. “बघितलंत बाई? आधीपेक्षा चांगलं झालं की नाही? थोडा धाक हवाच. गावाने सुधारलं तिला.”

हे मला सगळ्यात जास्त लागलं. सभेतही एवढं लागलं नव्हतं. तिथे त्यांनी तिचं काहीतरी काढून घेतलं होतं. आता उरलेल्यावर स्वतःचं नाव घालत होते.

मी आवाज चढवला नाही. मुलांवर कधी चढवत नाही. “अरे, तू सात वर्षांचा असताना मुलांच्या रविवारी वचन विसरलास, आठवतं?”

“आठवतं की.”

“मागून ओळ कुणी सांगितली?”

“तुम्ही.”

“मग ते वचन कुणी म्हटलं? मी?”

एवढा मोठा वक्ता, पण चेहरा सात वर्षांचा झाला होता. “मीच म्हटलं,” ते म्हणाले. “पण ते वेगळं.”

“वेगळं कसं? नीट सांग. मला घाई नाही.”

कर्ण्यावर पुन्हा ती रिकामी जागा आली. मातागिलुआंनी उत्तरासाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सामुएलु आरशातून आमच्याकडे बघत होता. शांतता संपेपर्यंत त्याने बस हलवली नाही.