घासून आंघोळ

डॉक्टरांनी चिमट्याने पट्टी उचलली, नाकाला रुमाल लावला आणि कॉटच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या जमिलाकडे न पाहताच म्हणाले, "अस्वच्छता. दुसरं काय."

तिच्या नवऱ्याच्या, बरकतच्या खुब्यात महिन्यापूर्वी धातूचा नवा सांधा बसवला होता. आता टाक्यांतून पू येत होता. सांधा काढावा लागेल, पुन्हा बसवता येईलच असं नाही, हे डॉक्टर नीला सिस्टरला सांगत होते. ज्याचा पाय त्याच्याशी बोलायची मोठ्या डॉक्टरांना सवय नसते. बरकत आकुर्डीच्या कारखान्यात फिटर होता, दिवसभर उभ्याने काम. सांधा गेला की ते कामही गेलं.

"अस्वच्छता कोणाची, साहेब?" जमिलाने विचारलं.

"बाई, ह्यांना किती वर्षांचं इसब आहे. कंबरेवर, मांडीवर नुसत्या खपल्या. घरी निगा म्हणून ठेवत नाही तुम्ही लोक."

तुम्ही लोक! कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत जमिलाच्या फरशीवर सांडलेला भात खुशाल उचलून खावा, आणि तिला हे ऐकवणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिला संताप आवरला नाही.

"ऑपरेशनच्या आधी ह्याच सिस्टरनं सांगितलं होतं, घासून आंघोळ घाला. मी काय वरवर पाणी ओतलं? गरम पाण्यात खपल्या भिजवल्या आणि वजरीनं घासल्या. टाचा घासतो त्या वजरीनं. एक खपली राहू दिली नाही. रक्त आलं तरी हे हूं की चूं बोलले नाहीत. आणि तुम्ही मलाच…"

"वजरीनं?" डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. "अहो, कातडी सोललीत तुम्ही. तिथूनच जंतू आत गेले."

जमिलाने हात पदराखाली घेतले.

"ऐकलंत ना सिस्टर?" डॉक्टरांचा आवाज एकदम मोकळा झाला. "घरच्यांनीच केलंय."

तेव्हा बरकत बोलला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"साहेब, घासलं आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी टेबलावर चादर तुम्हीच बाजूला केलीत. मी जागा होतो. सगळं लाल होतं, ओलं होतं. सिस्टर म्हणाल्या पण, इथं सोललंय म्हणून." त्याने कोरडे ओठ ओले केले. "तुम्ही म्हणालात, चालेल. मग मला झोपवलं."

डॉक्टरांनी नीला सिस्टरकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

"जमिला, बस," बरकत म्हणाला. "साहेब सांगतायत."

तिने भिंतीजवळचं स्टूल ओढून कॉटला लावलं आणि उत्तर ऐकायला बसली.