पुढच्या चाकापाशी

“ते ट्रकच्या कामाला बसले ना, की ठोकण्याच्या आवाजाकडे कान ठेवत जा. आवाज थांबला की उठायचं आणि जाऊन बघायचं.”

नणंदेच्या बाळंतपणाला निघताना सासूबाईंनी मला एवढंच बजावलं. किल्ल्या, दूधवाला, औषधं यातलं काहीच नाही. मी हसून म्हणाले, “आई, तो आवाज चालू असला की माझी मुलगी झोपत नाही, त्याचं काय करू?” त्या हसल्या नाहीत. रिक्षात बसल्यावरही त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या काळजीची सवय, दुसरं काय.

सासरे सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातून जुना लष्करी ट्रक घेतला आणि वखारीसाठी लाकूड आणायला लागले. पुढची चाकंही इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्यामुळे ट्रक चिखलात अडकत नाही. तो परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा असतो. मध्ये कमरेएवढी भिंत आहे, म्हणून खिडकीतून ट्रकचं नाक दिसतं, चाकं दिसत नाहीत. हे लक्षात ठेवा.

हिवाळ्यात आम्ही त्याला खालपासून वरपर्यंत नवा हिरवा रंग दिला. त्यानंतर महिन्याभरात पुढच्या डाव्या चाकातून तेल ठिबकायला लागलं. दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलमधलं तेल आतल्या आत अडवायला एक रबरी कडं असतं, त्याला सील म्हणतात. ते गेलं की तेल चाकात उतरतं, ब्रेक भिजतो आणि ब्रेक दाबल्यावर ट्रक एका बाजूला ओढतो. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सील दोनदा बदललं. दोन खेपा झाल्या की पुन्हा खाली काळा डाग.

“बाबा, गळतंय म्हणजे आत तेल आहे, एवढं तरी कळतंय,” माझा नवरा म्हणाला.

“तुझ्या डोक्यातून कधी काही गळलं नाही, तेव्हाच मी ओळखलं होतं,” बाबा म्हणाले.

तिसऱ्या वेळी ते चाक काढून बसले त्या दिवशी नवरा कामावर गेला होता. मुलगी नऊ महिन्यांची, दोन दिवस तापानं फणफणलेली. अकराच्या सुमाराला कुठे तिचा डोळा लागला. बाहेर ठण्‌ ठण्‌ चालूच. मी दारातून म्हणाले, “बाबा, आत्ताच झोपलीय हो ती.”

त्यांनी हातोडी लगेच खाली ठेवली. “झोपू दे. मी हातानंच काढतो.”

चाकामागचा ड्रम म्हणजे भलंमोठं लोखंडी पातेलंच, दोन माणसांना जड. एरवी ते त्याला चारी बाजूंनी ठोकत, केसाकेसानं पुढे आणत, खाली फळी ठेवून अलगद उतरवून घेत. माझ्या सांगण्यावरून त्या दिवशी ते त्याला हलवत, ओढत बसले. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसून तिच्या कपाळावर हात ठेवला होता, आणि शांतता झाली म्हणून बरं वाटत होतं.

अर्ध्या तासानं खिडकीतून हळूच विचारलं, “बाबा, चहा ठेवू?”

“ठेव. सावकाश ठेव.”

आवाज नेहमीसारखा. मी पाणी ठेवलं, साखर घातली, तापाची नोंद वहीत लिहिली. चहा गाळताना तो शब्द मला टोचला. सावकाश? हा माणूस चहा उकळायच्या आधीच कप घेऊन उभा राहतो. मी कप घेऊन बाहेर गेले. पळत नाही, चालत गेले, हेही सांगायला हवं.

भिंतीपलीकडे बाबा जमिनीवर बसले होते, पाठ काढून ठेवलेल्या चाकाला टेकलेली. ड्रम एकदम निसटून खाली आला होता. त्याची कड त्यांच्या डाव्या पंजावर होती, आणि पंजा फरशीवर. चेहरा राखेसारखा.

“उठली का ती?” त्यांनी आधी हे विचारलं.

मी कप भिंतीवर ठेवला.

“कोपऱ्यातली पहार आण. पळू नकोस, इथं तेल सांडलंय. ती लाकडी ठोकळी ठेव खाली. हां. आता हातानं नको, अंगानं दाब.”

ड्रम दोन बोटं उचलला गेला. त्यांनी हात काढून घेतला. मी एकदा पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

“हाक का नाही मारली तुम्ही?”

“मारली असती तर ती उठली असती ना.”

दोन बोटं आता वाकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं. एवढंच म्हणाले, आणि ते पुरलं.

पुढच्या आठवड्यात उघडं पडलेलं चाक जोडायला मिस्त्री आला. नवं सील बसवून झाल्यावर तो ॲक्सलच्या माथ्यावर टाचणीनं काहीतरी कोरत बसला. “सील बिचारं काय करणार? ही टोपी आत तापलेली हवा बाहेर सोडायला असते. हिचं भोक रंगानं बुजलंय. हवेला वाट नाही, मग ती तेलाला ढकलते सीलमधून. कुकरची शिट्टी बुजवल्यासारखं झालं. कुणी रंगवलंय हे?”

मी रंगवलं होतं. बाळंतपणानंतर घरात बसून जीव कोंदटला होता, म्हणून ब्रश मागून घेतला होता. ॲक्सलचा एकेक बोल्ट, ती टोपीसुद्धा, दोन-दोन हात देऊन. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. तापलेली हवा प्रसरण पावते, हे मी शिकवणीच्या मुलांकडून घोकून घेतलंय.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतून बाबा म्हणाले, “मीच रंगवलं. म्हातारपण, दुसरं काय.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आणि मी गप्प राहिले.

सासूबाई परत आल्या. बाबांच्या हातावरून हात फिरवत त्यांनी मला विचारलं, “आवाज थांबल्यावर गेली होतीस ना बघायला?” मी हो म्हणाले. किती वेळानं, ते त्यांनी विचारलं नाही. आवाज कुणी थांबवला होता, तेही नाही.

गळती थांबलीय. दोन बोटं वाकत नसली तरी बाबा अजून ट्रकखाली जातातच. मी आता आवाजाच्या भरवशावर राहत नाही, दर थोड्या वेळानं भिंतीपलीकडे जाऊन येते. “गस्त घालतेस का गं?” म्हणून ते वैतागतात. वैतागू देत.

तुमच्या घरामागेही असं कुणी एकटं काम करत बसलं असेल. हे वाचताना तिकडून बराच वेळ काही ऐकू आलं नसेल, तर आत्ता उठा. खिडकीतून विचारू नका, उत्तर नीटच येईल. तिथपर्यंत जा आणि वाकून बघा.