गार की ऊब

मर्लच्या वडिलांनी तिला एकच धडा दिला होता. बिळात हात घालायचा. ऊब लागली तर पिल्लू पकडायचं, गार लागलं तर हात हळूच मागे घ्यायचा. गार म्हणजे विषारी टायगर साप. बेटावर त्याचं आणि माणसांचं खाणं एकच, बिळांत वाढणारी समुद्रपक्ष्यांची गुबगुबीत पिल्लं. पिल्लं असतात तेवढ्या चार आठवड्यांत तो पोट भरून घेतो आणि वर्षभर त्यावरच काढतो. चावलाच तर आधी रक्त बिघडतं, मग श्वास अडतो, आणि हेलिकॉप्टर यायला तास तरी लागतो.

पिल्लं धरायचा मर्लचा हा अठ्ठेचाळिसावा हंगाम. पण साखरेच्या आजारानं गेल्या हिवाळ्यापासून तिची बोटं बधिर झाली होती, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर शेडमध्ये पिसं उपटायला बसवतील. खुळी बाई! मरण चालेल, पण बसणं नको.

"आत्या, माझी काठी भरत आली बघ!" भाची टेसा ओरडली. चोचींतून ओवलेली मेलेली पिल्लं तिच्या खांद्यावरच्या काठीला डुलत होती. "झोप लागली की काय तुला?"

"तुझ्या बापाचे लंगोट बदललेत मी. मला नको शिकवूस." मर्ल गवतात आडवी झाली आणि तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला. हाताला वजन जाणवलं. तिनं ओढलं.

टेसा किंचाळली तेव्हा मर्लनं पाहिलं. मुठीत मनगटाएवढा जाड, काळा साप होता. सकाळच्या गारठ्यानं आणि पोटातल्या पिल्लानं सुस्तावलेला. तिनं त्याला अलगद गवतावर ठेवलं. तो सावकाश बिळात परत गेला.

"एवढा गार लागूनही ओढलास?" टेसानं विचारलं.

मर्ल स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. टेसानं तिचं बोट धरून करकचून चिमटा काढला. मर्लचा चेहरा हलला नाही.

"कधीपासून?"

"झाले आठ-नऊ महिने."

"आणि रोज हात घालत होतीस? मी एकटीनं तुला उचलून कसं नेलं असतं गं?"

हे मर्लच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बिळाशी ती उभीच राहिली. "तू घाल. काय लागतंय ते सांग मला."

टेसानं हात घातला. ती आत चाचपत गेली.

"ऊब आहे, आत्या."

टेसानं बाहेर काढलेलं जिवंत पिल्लू मर्लनं तिच्याकडून घेतलं आणि गालाला लावलं. तिथं अजून ऊब कळत होती.