लोखंडी कपाटातली लाइन

“लाइनवर कोण कोण आहे?” आईंनी जिन्याखाली उभं राहून हाक दिली. “ज्याचं काम साधं असेल त्यानं उतरा बरं!”

लाइनवरून उतरणं म्हणजे माझ्या सासूबाईंच्या भाषेत इंटरनेट बंद करणं. वरून धाकट्या दिराचा आवाज आला, “मी काहीच करत नाहीये.” आतल्या खोलीतून माझी लेक म्हणाली, “आजी, मी नुसती वाचतेय.” मी जेवणाच्या टेबलाशी बसून विम्याचे दावे तपासत होते, माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, म्हणून मी आपली गप्पच राहिले. बाहेरच्या खोलीत बाबांसमोर टॅब उभा केलेला होता आणि त्यात स्पीचवाल्या मॅडम तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या होत्या.

आठ महिन्यांपूर्वी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरले, पण बोलणं गेलं ते परत यायचं नाव घेईना. बोलायला शिकवणारं केंद्र गाडीनं चार तासांवर आणि बाबांना गाडीत अर्धा तासही बसवत नाही. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मॅडम टॅबवर येत.

चित्र हललं. “आजोबा, परत एकदा म्हणा. खिडकी.”

बाबा म्हणाले.

“मधलं अक्षर खाल्लंत. परत.”

बाबांनी परत म्हटलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं आणि तोंड मिटून घेतलं.

शेवटी मॅडमनी मला बोलावलं. “ताई, स्पष्टच सांगते. शब्द आजोबांच्या तोंडात तुटतोय की तुमच्या इंटरनेटमध्ये, ते मला इथून कळत नाही. पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे पाहणी आहे. सुधारणा दिसली नाही तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. खूप जण थांबलेत हो. माझ्या हातात नाही ते.”

आई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या, पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

आईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर ऑपरेटर म्हणून काढली. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवायचा. साधा, अर्जंट की सगळ्यांच्या आधी लागणारा लाइटनिंग, ते सांगायचं. मग ऑपरेटर लाइन मिळेल तशी जोडून देणार आणि तीन मिनिटं झाली की मध्येच येऊन विचारणार, “तीन मिनिटं झाली, वाढवू?”

बाबा एका गोदामात कारकून. रोज परगावी फोन. एरवी दोन वाक्यांत काम उरकणारा माणूस, पण बोर्डावर आई असल्या की पलीकडच्याला हवापाणी विचारत बसायचा, कशासाठी, तर “वाढवू?” ऐकण्यासाठी. मग ऐटीत म्हणायचा, “वाढवा.” शेवटी गोदामाच्या मालकानं झापलं तेव्हा कुठे त्यांनी आईंना भेटायला येऊ का म्हणून विचारलं. आईंनी त्यांचा चेहरा पाहिला तो पहिल्या फोननंतर पाच महिन्यांनी. तोवर नुसत्या आवाजावर भागवलं होतं. त्यामुळे बाबांचा आवाज गेला तेव्हा आईंचं काय गेलं, हे घरात कोणी कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या रात्रीच्या जेवणाला एकच विषय. माझा नवरा म्हणाला, “मोठा प्लॅन घेऊ.” दीर म्हणाला, “प्लॅननं काय होतंय? आठ अँटेनांचा राउटर घेऊ. गेमिंगवाला.”

“आधी मोजायचं,” आई म्हणाल्या. “लाइनवर कोण, केव्हा, किती वेळ. न मोजता बोर्ड वाढवायचा नसतो.”

दुसऱ्या दिवसापासून आईंनी रेघांची वही काढली आणि आमचे नाकी नऊ आणले. दर तासाला त्या खोल्याखोल्यांतून फिरत. कोण काय करतंय, साधं की अर्जंट, सगळं लिहून घेत. दीर उशिरापर्यंत झोपतो, पण वहीत अकरासमोर त्याची नोंद निघाली.

“मी झोपलो होतो गं आई!”

“तू झोपला होतास. तुझा फोन जागा होता. मी स्वतः पाहिलं, गोल गोल काहीतरी फिरत होतं त्यावर.”

फोन रोज अकरा वाजता त्याचे फोटो आणि व्हिडिओ आपणहून कुठेतरी साठवायला पाठवत होता. दिराला ते माहीतच नव्हतं. मी पोट धरून हसले. मग आई वही घेऊन माझ्याकडे वळल्या.

“तुझी मीटिंग अकरालाच असते ना गं? त्यात बोलावं लागतं का तुला?”

“नाही. फक्त ऐकायचं असतं.”

“मग तोंड कशाला दाखवत बसतेस?”

गेले सहा महिने मी तिथे कॅमेरा लावून मान डोलावत होते आणि पलीकडच्या खोलीत बाबा खिडकीशी झगडत होते.

सोमवारी दुपारी मी आणि आई राउटर घ्यायला निघालो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बाईंचं दुकान आहे. कपाळावर चष्मा, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि काउंटरवर उघडलेली यंत्रं इतकी की कोपर टेकायला जागा नाही. आईंनी त्यांच्यासमोर वही ठेवली. बाईंनी ती चाळली नाही, वाचली. ओळ न ओळ वाचली.

“आजी, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतेय मी,” त्या म्हणाल्या. “लोक येतात नि म्हणतात, सगळ्यात फास्ट द्या.”

“किती फास्ट ते नंतर. अकरा वाजता एका माणसाला आधी लाइन मिळेल का, तेवढं सांगा.”

बाईंनी समजावून सांगितलं. मोडेम बाहेरची लाइन घरात घेतो. राउटर ती घरातल्या सगळ्यांना वाटतो. आमच्याकडे कंपनीनं दिलेल्या एकाच डब्यात दोन्ही होतं आणि त्यातला वाटणारा अगदीच साधा होता, जो आधी ओढेल त्याला देऊन मोकळा होणारा. मोडेम तोच ठेवून वाटणारा तेवढा वेगळा घेतला तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“म्हणजे मोडेम दारावरचा माणूस नि राउटर बोर्डावरची बाई,” आई म्हणाल्या.

“अगदी तसंच!” बाईंनी आठ अँटेनांचा खोका बाजूला सारून एक साधासा खोका पुढे केला. “हा घ्या. घरातले सगळे फोन, टॅब यात नावानिशी दिसतात. पहिला कोण, कोणी थांबायचं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, सगळं तुमच्या हातात.” मग त्यांनी सहज विचारलं, “आत्ताचा डबा कुठे ठेवलाय?”

आई ताठ उभ्या राहिल्या. “लोखंडी कपाटात. कुलपात. धुळीचा कण नाही त्याच्यावर. चावी माझ्या पर्समध्ये असते.”

एक्स्चेंजमध्ये असंच असे. यंत्रं कपाटात, कपाटाला कुलूप, आणि धूळ म्हणजे वैरी. चार महिन्यांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा आईंनी डबा स्वतः कपाटात हलवला होता. वायर आत घ्यायला कपाटाला मागून भोक पाडलं ते दिरानं. कुलूप नीट फिरेना म्हणून तेल घातलं ते माझ्या नवऱ्यानं. आणि दाराच्या फटीतून डोकावणारा हिरवा दिवा मी रोज बघत होते. आम्ही तिघंही चांगली शिकलेली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “आजी, लोखंडातून वायफाय जात नाही हो. जेमतेम फटींतून जे काय येत असेल तेवढंच तुम्हाला मिळत असणार.”

आईंनी काउंटर धरला. “म्हणजे यांचे शब्द मीच तोडत होते.”

“तुम्ही चांगल्या मनानं ठेवलात.”

“मनाचं नका सांगू, बाई. लाइन माझ्या हातून तुटली.”

बाईंनी तो खोका उचलला आणि मागच्या फळीवर ठेवला. “आज काही घेऊ नका. डबा बाहेर काढा, उंचावर ठेवा, उद्याचा तास होऊ दे. तरी अडलं तर या. हा मी बाजूला काढून ठेवते.”

हातातली विक्री सोडून कोणी असं सांगत नाही. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

घरी येऊन आईंनी कुलूप उघडलं, डबा दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि बाहेरच्या खोलीतल्या उंच फळीवर नेऊन ठेवला. नंतर कितीतरी वेळ त्या रिकाम्या कपाटासमोर उभ्या होत्या. मी चहा दिला तो तसाच गार झाला.

मंगळवारी अकरा वाजता दिराचा फोन बंद, माझा कॅमेरा बंद. मॅडम म्हणाल्या, “खिडकी.” बाबा म्हणाले, “खिडकी.”

“आजोबा! मधलं अक्षर आलं की!”

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की आलं म्हणजे काय, होतंच. मग दरवाजा झाला, चमचा झाला, खुर्ची झाली. सगळे शब्द सावकाश आले, पण अख्खे आले. मॅडमचं हसू मावळलं. “ताई, हे शब्द आजचे नाहीत हो. हे बहुतेक केव्हापासून नीट म्हणतायत, आणि मी आपली चूक, चूक करत बसले.” आम्हालाही शब्द बरे ऐकू यायचे, पण मॅडम चूक म्हणतात म्हणजे चूकच, असं आम्ही धरून चाललो होतो.

तेवढ्यात अकरा वीसला चित्र पुन्हा थिजलं. लेकीला कॉलेजचा व्हिडिओ बाराच्या आत जमा करायचा होता. ती रडवेली होऊन दारात आली.

“तिला कोणी बोलू नका,” आई म्हणाल्या. “तिचंही अर्जंटच आहे. दोन अर्जंट एकदम आले की बोर्डावर कोणीतरी बसायला लागतं.” मग त्या बाबांसमोर स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “अहो, तुम्ही नीट बोलत होता. चार महिने नीट बोलत होता. लाइन माझी खराब होती.”

बाबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गुडघ्यावरचा हात दोनदा थोपटला. मला तिथे उभं राहवेना. मी लेकीला घेऊन आत गेले.

संध्याकाळी तो साधासा राउटर घरी आला. लेकीनं फोनवर यादी उघडून दिली आणि आईंनी एकेकाला नाव दिलं. दिराचा फोन, साधा. लेकीचा लॅपटॉप, अर्जंट. माझा, अर्जंट पण फक्त ऐकणारी. सगळ्यांच्या वर बाबांचा टॅब, लाइटनिंग.

“आणि मी?” नवऱ्यानं विचारलं.

“तू दिवसभर ऑफिसात असतोस. तुला रविवारी जोडून देईन.”

शुक्रवारी अकराला आई सवयीनं जिन्याखाली गेल्या, हाक द्यायला तोंड उघडलं आणि काही न बोलता परत आल्या. तरी वर सगळं चिडीचूप होतं. दिरानं तर चपलासुद्धा काढून हातात धरल्या होत्या.

मॅडमच्या शेजारी त्यांच्या मोठ्या मॅडम येऊन बसल्या. बाबांनी एकोणीस शब्द म्हटले. दोन अडले, सतरा आले. चित्र एकदाही थांबलं नाही. लेक आत काहीतरी पाठवत होती, मी ऑफिसचं ऐकत होते, आणि कोणीही कोणाच्या आड आलं नाही. मोठ्या मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. बाबांची वेळ कायम राहिली.

“अर्धा तास झाला, आजोबा,” मॅडम म्हणाल्या. “आता थांबू या?”

बाबांनी हात वर केला. ओठ हलू लागले. त्यांना पाणी हवं असेल असं वाटून मी पेला घेऊन धावले, पण त्यांनी पेला बाजूला केला.

“वा...” ते म्हणाले. दम घेतला. “वाढवा.”

हा शब्द कुठल्याच यादीत नव्हता. “काय वाढवू आजोबा? आवाज?” मॅडम गोंधळल्या. बाबा टॅबकडे पाहतच नव्हते.

आई फळीशी उभ्या होत्या, हातात धूळ पुसायचं फडकं. त्यांनी फडकं खाली ठेवलं. पाठ सरळ केली. उजवा हात कानापाशी नेला, जिथे एकतीस वर्षं हेडफोन असे, आणि मी या घरात कधीच न ऐकलेल्या स्वच्छ, कोवळ्या आवाजात म्हणाल्या, “वाढवलं. बोला.”